कार्पाकडचा झगा

शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, परीक्षेत माझा पहिला नंबर एका मार्कानं हुकला, तो कार्पामुळे.

सातवीत होतो. नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या चर्चमध्ये दरवर्षी शब्बाथ शाळेची परीक्षा व्हायची आणि त्या वर्षी दुसरं तीमथ्य, म्हणजे प्रेषित पौलानं आपला सोबती तीमथ्य याला लिहिलेलं दुसरं पत्र, नेमलं होतं. रिकाम्या जागा भरा: त्रोवसात अमक्याजवळ राहिलेला माझा झगा घेऊन ये. मी ‘तीत’ लिहिलं. तीत, तीमथ्य, तुखिक, त्रफिम. पौलाच्या सोबत्यांत त-काराची एवढी दाटी, की एखादा तरी लागू पडेल असा माझा हिशेब. नाही पडला. पाळकसाहेबांच्या मुलीला कंपासपेटी मिळाली, मला दोनशे पानी वही. घरी येऊन मी भुणभुण लावली. कार्प हे काय विचारायचं नाव झालं? अख्ख्या शास्त्रात एकदा येतो, तोही नुसता झगा सांभाळायला!

दादा, म्हणजे माझे वडील, जेवत होते. भाकरी मोडता मोडता त्यांनी एवढंच विचारलं, “पौलानं ज्याच्याकडं आपला झगा ठेवला, त्याला तू नुसता म्हणतोस होय?”

परंपरा सांगते की हे पौलाचं शेवटचं पत्र, रोमच्या तुरुंगातून लिहिलेलं. देमास सोडून गेलाय, बाकीचे चहूकडे पांगलेत, एकटा लूक जवळ आहे. आपला शेवट त्याला दिसतोय. ते मोठ्या धीराच्या शब्दांत सांगून झालं की तो लगेच घरगुती कामावर येतो: येताना कार्पाकडे राहिलेला झगा आण, पुस्तकं आण, चर्मपत्रं तर नक्की आण. आणि थोडं खाली, हिवाळ्याच्या आत ये. तो झगा म्हणजे प्रवासात अंगावर घ्यायचं जाड, बिनबाह्यांचं पांघरूण. आमच्याकडची घोंगडीच म्हणा. म्हातारा माणूस, कोठडी, थंडी तोंडावर. त्रोवस आजच्या तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर, आणि रोम कुठल्या कुठं. तरी तो ‘असला तर आण’ म्हणत नाही. कार्पानं झगा विकला नसेल, मुलाच्या अंगावर घातला नसेल, त्याला कसर लागू दिली नसेल, हे त्यानं धरूनच चाललंय. कार्पाबद्दल शास्त्रात याहून एक अक्षर जास्त नाही.

दादा प्राथमिक शाळेत मास्तर आणि आमच्या मंडळीचे, म्हणजे चर्चचे, खजिनदार. खजिनदार म्हटलं की तिजोरी वगैरे डोळ्यांपुढं येते. आमच्याकडं होती एक खादीची पिशवी आणि लाल कापडी बांधणीची कीर्द, रोजच्या जमाखर्चाची वही. रविवारी उपासना संपली, सगळ्यांचे सलाम झाले, की दादा आणि पंचांपैकी कोणीतरी एक, असे दोघं टेबलापाशी बसून अर्पण मोजत. दोघंच का, एकट्यानं का नाही, हे मी एकदा विचारलं होतं. एका रविवारी दुसरे पंच आले नव्हते, आम्हाला आत्याकडं जायचं होतं, आणि दादा पिशवीला गाठ मारून तिच्याकडं बघत बसले होते. मी वैतागलो. “तुम्ही काय चोरणार आहात का?”

“एकट्यानं मोजलेला पैसा बरोबर असला तरी तो बरोबर नसतो,” दादा म्हणाले. त्या दिवशी आमची एसटी चुकली.

त्यांचं हे स्वतःचं शहाणपण नव्हतं. यरुशलेमेतल्या गरीब बांधवांसाठी पौल मासेदोनिया आणि अखयातल्या मंडळ्यांमधून वर्गणी गोळा करत होता. ती न्यायची वेळ आली तेव्हा त्यानं तीताबरोबर आणखी एक भाऊ धाडला, मंडळ्यांनी निवडलेला. कारणही लिहून ठेवलंय करिंथच्या लोकांना: या रकमेबद्दल कोणी आमच्यावर ठपका ठेवू नये, म्हणून आम्ही जपतो, प्रभूच्या दृष्टीनं जे चांगलं तेच नव्हे, तर माणसांच्या दृष्टीनंही. मला ही ओळ फार मोलाची वाटते. ‘देवाला माहीत आहे’ म्हणून हिशेबाची वही मिटणारे मी पुष्कळ पाहिले. पौलाला दर्शनं झाली होती, तो तिसऱ्या स्वर्गापर्यंत जाऊन आल्याचं म्हणतो, आणि पैशाच्या पिशवीपाशी मात्र दुसरा माणूस मागतो.

आईकडं दुसरा कारभार होता, प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेतात त्या विधीचा. महिन्याचा पहिला रविवार आला की शनिवारी रात्री ती काळ्या मनुका भिजत घालायची, पहाटे उकळून, कुस्करून मलमलीतून गाळायची. द्राक्षारस म्हणतात तो आमच्याकडं असा चुलीवर व्हायचा. घरात मनुका एरवी फक्त नाताळात यायच्या, त्यामुळं त्या भिजलेल्या वाटीभोवती आम्ही भावंडं मांजरासारखी घुटमळायचो. एक मनुका कधी मिळाली नाही. नंतर ते बोटभर उंचीचे काचेचे पेले. ते घरातल्या भांड्यांत मिसळायचे नाहीत. वेगळी परात, वेगळं फडकं, धुऊन पालथे आणि मोजून. उपासनेनंतर मेजावरचं पांढरं कापड ती चारी कोपरे धरून उचलायची आणि बाहेर लिंबाखाली झटकायची. चिमण्यांना ते पाठ झालं होतं.

पाच भाकरींत पाच हजारांना जेवू घालणारा प्रभू जेवणं उरकल्यावर म्हणतो, काही फुकट जाऊ नये म्हणून उरलेले तुकडे गोळा करा. हवं तेवढं निर्माण करणाऱ्याला तुकड्यांची काय पडलीय, असा प्रश्न आईला पडला असेल असं वाटत नाही. ती कापड झटकून, घडी घालून मोकळी व्हायची.

मी स्वतः पिंपरी-चिंचवडला एका कारखान्यात स्टोअर्सला आहे. दुसऱ्याचा माल सांभाळायचा, आला-गेला बिन कार्डवर चढवायचा, यावरच पोट. आमची इथली मंडळी म्हणजे बहुतेक नगर-जालन्याकडून नोकरीपायी आलेली कुटुंबं. चार वर्षांपूर्वी वार्षिक सभेत खजिनदाराचं नाव सुचवायची वेळ आली तेव्हा सगळे छताकडं बघू लागले, आणि कोणीतरी म्हणालं, “सरांचे वडील गावी खजिनदार होते म्हणे.” झालं. घरी आल्यावर बायको म्हणाली, “या, कारभारी!”

हा शब्द तिनं चेष्टेत वापरला, पण तो आमच्या शास्त्रातलाच आहे. ‘कारभारी म्हटला म्हणजे तो विश्वासू असला पाहिजे.’ गावाकडं बाई नवऱ्याला कारभारी म्हणते आणि त्याला वाटतं आपण मालक. पेशवाईतल्या कारभाऱ्यांचंही असंच व्हायचं. शब्द मात्र स्वच्छ सांगतो की कारभार तुझा, धन दुसऱ्याचं.

रुपयांच्या दृष्टान्तावर दर वर्षी एक तरी संदेश होतो, आणि हल्ली तो ऐकताना मला खुर्चीत नीट बसवत नाही. धनी परदेशी जाताना तीन दासांना पाच, दोन आणि एक तालान्त देऊन जातो, परत येऊन हिशेब मागतो, आणि ज्यांनी वाढवलं त्यांना म्हणतो, तू थोड्या गोष्टींविषयी विश्वासू राहिलास, मी तुला पुष्कळांवर नेमीन. यातून वक्ते बढतीची शिडी काढतात. आज खुर्च्या लाव, उद्या पंच होशील. आज शंभर टाक, उद्या हजार येतील. त्यांनी एकदा हिशेब करून बघावा. एक तालान्त म्हणजे सहा हजार दिनार, आणि एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. वर्षाचे तीनशे दिवस कामाचे धरले तर एका तालान्ताला वीस वर्षं लागतात, पाचांना शंभर. शंभर वर्षांची मजुरी एका नोकराच्या ओंजळीत घालून धनी तिला ‘थोडं’ म्हणतो! म्हणजे थोडं आणि पुष्कळ मोजायचं त्याचं माप आपल्या मापाशी जुळतच नाही. गरीब विधवेनं मंदिरात टाकलेल्या दोन टोल्यांच्या वेळी हेच माप उलट बाजूनं चालतं. दोन टोल्या म्हणजे एक दमडी, आणि ती सगळ्यांहून जास्त ठरते. या मापावर शिडी कशी उभी करायची, मला कळत नाही. कार्पाला काय बढती मिळाली?

(शिडी चढलेल्यांचंही आम्ही बघतोच. १८३१ साली अमेरिकन मराठी मिशन नगरला आलं. पुढं शाळा, दवाखाने, चर्चं आणि त्यांच्या जागा उभ्या राहिल्या. मिशनरी गेले, जागा आमच्या हाती आल्या. आज आमच्या समाजात दोन माणसं भेटली की तिसरं वाक्य कुठल्या तरी जागेच्या खटल्याचं असतं. एकरांचा मेळ लागत नाही तिथं मी सुट्ट्या नाण्यांचा काय लावतोय, असं वाटून हसू येतं. पण एकर माझ्याकडं दिलेले नाहीत. नाणी दिलीत.)

आता माझी गोष्ट. लॉकडाऊननंतर लोक रोख आणेनासे झाले. तरुण पोरं विचारायची, “काका, स्कॅनर कुठंय?” मंडळीच्या खात्यावर सह्या करणारी माणसं बदलली होती, नवीन सह्यांची कागदपत्रं बँकेत अडकली होती. कमिटीत ठरलं की तोवर खजिनदाराच्या नंबरवर घ्यावं. मीही हो म्हणालो. घरच्या प्रिंटरवर काढलेला माझ्या नावाचा स्कॅनर अर्पणाच्या ताटाशेजारी उभा राहिला. मी एका वेगळ्या वहीत मंडळीचा आकडा आठवड्याला लिहीत होतो, त्यामुळं सगळं चोख आहे अशी माझी समजूत.

चौथ्या महिन्यात कारखान्यातला पगार लांबला. घराचा हप्ता पाच तारखेला आपोआप कापला जातो. त्या दिवशी खात्यात एक्केचाळीस हजार होते, त्यातले सव्वीस हजार चारशे मंडळीचे. हप्ता अठरा हजार नऊशेचा. तो गेला. आठ तारखेला पगार आला आणि आकडा पुन्हा जागेवर बसला. पण ते तीन दिवस माझ्या घराचे चार हजार तीनशे रुपये मंडळीनं भरले होते, आणि त्यात कोणाकोणाचे असतील हे मला नावानिशी माहीत होतं, कारण फोनवर नावं येतात. पेन्शनवर असलेल्या एका मावशींचे दर रविवारी पन्नास येतात, नातू स्कॅन करून देतो.

बायकोनंच ओळखलं. “अहो, पगार नव्हता तर हप्ता गेला कसा?” मी सांगितलं. तिनं ऐकलं आणि कुकर लावायला आत गेली. शिट्ट्या होईपर्यंत मी तिथंच.

हे लिहायचं की नाही? कोणाचं नुकसान नाही, चोरीचा विचारही नाही, यंत्रानं आपोआप कापलेला पैसा, तीन दिवसांत भरलेला. लिहायचं तर कोणत्या रकान्यात? जमा नाही, खर्च नाही. रविवारची मोजणी झाली, कीर्द भरली, आणि मी ते लिहिलं नाही. पुढच्या रविवारीही नाही.

दरम्यान गावी जावं लागलं. मी पुण्याहून दौंडमार्गे रेल्वेनं जातो. वाटेत केडगाव लागतं, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचं. दुष्काळात उपाशी मरायला टाकलेल्या मुली त्यांनी तिथं आणल्या, शिकवल्या, छापखाना घातला. स्वतः हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलाचं सोप्या मराठीत भाषांतर करायला बसल्या, आणि १९२२ साली जाईपर्यंत तेच करत होत्या. खिळे जुळवायला याच मुली. मराठी खिळे म्हणजे काय उपद्व्याप असतो ते जुन्या छापखान्यात डोकावलेल्यालाच माहीत. काना वेगळा, वेलांटी वेगळी, जोडाक्षरांचे स्वतंत्र खण. एक मात्रा निसटली की अर्थाचा अनर्थ. दर वेळी केडगावला मला वाटतं, त्यांतल्या कोणा मुलीच्या हातून दुसऱ्या तीमथ्याचं ते पान गेलं असेल. खणातून ‘का’ उचलला असेल, मग ‘र्प’. तिचं नाव कुठं छापलं असेल का?

गावच्या घरी माळ्यावर दादांच्या कीर्दी आहेत. मंडळीच्या मूळ वह्या मंडळीकडं. या त्यांनी स्वतःसाठी उतरवून ठेवलेल्या नकला. मास्तरकीचं अक्षर, रुळावर ठेवल्यासारखं. मी सहज चाळत होतो. १४ ऑगस्ट १९८३, रविवार. जमेच्या खाली, रकान्याबाहेर, आडवी ओळ: ‘मोजून झाल्यावर घरी आणताना १ रु. २५ पै. गहाळ. पिशवीस भोक. माझी हयगय. भरले.’ आणि त्याखाली: ‘पिशवी शिवली.’

दोघांनी मोजून सही झाल्यानंतरची गोष्ट. वाटेत सव्वा रुपया पडला हे त्यांच्याशिवाय कोणाला कळायचं कारण नव्हतं. खिशातून भरून टाकले असते तर संपलं असतं. भरलेच की त्यांनी. पण लिहिलं. रकाना नव्हता, तर समासात लिहिलं.

पुण्याला आल्यावर मी समासात लिहिलं. तारीख, आकडा, किती दिवस, आणि शेवटी तेच दोन शब्द. ‘माझी हयगय.’ ते लिहायला मला जितका वेळ लागला तितका आयुष्यातल्या कुठल्याही सहीला लागला नसेल.

मार्चअखेर वार्षिक सभा होती. जमाखर्च वाचला, मग समासातली ओळ वाचली. पंखे तेवढे फिरत होते. एक पंच म्हणाले, “सर, हे वाचायची काय गरज होती? बाहेर उगाच चर्चा.” दुसऱ्यांनी मान डोलावली, कुठल्या बाजूनं ते कळलं नाही. मग मागून त्या मावशी बोलल्या, पन्नासवाल्या. “मुद्दल भरलं, ते ऐकलं. तीन दिवसाचं याज किती झालं रं?”

सगळे हसले. त्या हसल्या नाहीत. बी.कॉम.ला असलेली एक मुलगी माझ्याबरोबर मोजायला बसते, तिनं फोन काढून बचत खात्याच्या तीन टक्क्यांनी हिशेब केला. एक रुपया सहा पैसे. मी दोनचं नाणं काढलं, तिनं पावती फाडली. चौऱ्याण्णव पैसे मी देणगी समजायचे की परत मागायचे, यावर आणखी थोडं हसणं झालं आणि सभा हार्वेस्टच्या, म्हणजे सुगीच्या सणाला अर्पण आलेल्या वस्तूंच्या, लिलावाकडं वळली. तिथं मागल्या वर्षी एका अंड्याला साडेसातशे रुपये आले होते आणि बोली लावणाऱ्यानं ते अजून भरले नव्हते. स्कॅनर त्याच दिवशी ताटाशेजारून निघाला. मंडळीच्या खात्याचा यायला जून उजाडला. तोपर्यंत लोक कुरकुरत का होईना, रोख आणत राहिले.

या महिन्यात माझी मुदत संपतेय. पुढची खजिनदार तीच मुलगी. काल संध्याकाळी आम्ही देवघेव करायला बसलो: कीर्द, पावतीपुस्तकं, पासबुक, कपाटाच्या दोन चाव्या. आणि बोर्नव्हिटाचा डबा.

डब्याचं असं आहे. ३० जून २०११ पासून चार आणे आणि त्याखालची नाणी चलनातून बाद झाली. पण अर्पणाच्या थैलीला हे कोण सांगणार? कोणाच्या जुन्या ट्रंकेत, कोणाच्या देवाघरी गेलेल्या आईच्या बटव्यात सापडतात, आणि ती माणसं ती आणून थैलीत टाकतात. बँक घेत नाही, दुकानदार घेत नाही. भंगारात द्यावीत तर अर्पण आहे. म्हणून माझ्या आधीच्या आधीच्या खजिनदारांनी एक डबा केला आणि वहीच्या शेवटच्या पानावर नोंद सुरू केली. रक्कम शून्य, नग इतके. प्रत्येक खजिनदार पुढच्याला डबा मोजून देतो आणि दोघं सही करतात. माझ्या हातात आला तेव्हा एकशे दोन नग होते. माझ्या काळात बारा वाढले.

“काका, हे कशासाठी ठेवायचं?” तिनं विचारलं.

“आपल्याकडं दिलंय म्हणून.”

तिनं डबा जमिनीवर पालथा केला. चार आण्यांची वेगळी रास, दहा पैशांची वेगळी, ॲल्युमिनियमची षटकोनी वीस पैशांची वेगळी. तिनं मोजलं, मी मोजलं. एकशे तेरा.

तिनं माझ्याकडं बघितलं. वहीत एकशे चौदा. “राहू दे ना काका, एकच तर आहे, आणि तेही चालत नाही,” असं ती म्हणेल म्हणून मी थांबलो. ती उठली, सतरंजीचं टोक उचलून झटकलं, मग कपाटाखाली मोबाइलचा टॉर्च मारला.

“तुम्ही तिकडून बघा,” ती म्हणाली, आणि मी गुडघे टेकले.